‘सगळे धर्म सारखेच’ असं म्हणायलाच हवं का?

या आठवड्याचं पत्र थोडं छोटं करून देतेय:

“ताई, नमस्कार. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांचा एक मेळावा असतो. यंदा आमच्या धर्माच्या बाजूने मी बोलायचं असं ठरलंय, दहा मिनिटं, विषय ‘माझा धर्म आणि शांती’. मी काही विद्वान नाही हो. आमचा ग्रंथ मी पूर्ण वाचलेलासुद्धा नाही, रोजची प्रार्थना करते तेवढंच. कुणी अवघड प्रश्न विचारला तर काय करू? दुसरं म्हणजे मागच्या वर्षी एका पाहुण्यांनी बोलता बोलता आमच्या धर्माबद्दल एक वाक्य टाकलं, सगळे हसले, मी पण कसनुसं हसले आणि घरी येऊन रडले. ते अजून टोचतंय. तिसरं, माझा धाकटा भाऊ म्हणतो तिथे जाणं म्हणजेच सगळे धर्म सारखे हे कबूल करणं, आणि तसं तुला खरंच वाटतं का? मला उत्तर देता आलं नाही. आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक प्रार्थना असते, त्यात तोंड हलवायचं की गप्प बसायचं तेही कळत नाही. जाऊ की नको जाऊ?”

ताई, नमस्कार. तुम्ही कुठल्या धर्माच्या हे तुम्ही लिहिलंय, पण मी ते इथे छापलेलं नाही, आणि मुद्दाम नाही छापलं. तो एक शब्द काढून पत्र परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे कुणाचंही पत्र असू शकतं, जिथे जो धर्म संख्येने कमी असतो तिथल्या त्या धर्माच्या माणसाला अगदी हेच वाटतं, आणि जिथे जास्त असतो तिथल्या माणसालासुद्धा माईक हातात आला की पोटात गोळा येतोच.

जा. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचाल. पण ज्या तयारीने जायला सांगितलंय त्या तयारीने जाऊ नका.

मला तुमच्या पत्रातला सगळ्यात खटकलेला शब्द आहे ‘बाजूने’. धर्माच्या बाजूने बोलायचं म्हटलं की समोर दुसरी बाजू उभी राहते, मग आपण वकील होतो, आणि वकील झालं की आपल्या अशिलाची एकही चूक कबूल करता येत नाही. तुम्ही वकील नाही आहात. कोट्यवधी लोक ज्या धर्मात जगतात त्यातल्या तुम्ही एक आहात आणि तुम्हाला बोलावलंय ते त्या एका माणसाला ऐकायला, निदान तसं बोलवायला हवं. आयोजकांना आजच मेसेज करा की विषय थोडा बदलून द्याल का. ‘माझा धर्म आणि शांती’ या विषयावर मी आजवर जितकी भाषणं ऐकली ती सगळी एकसारखी होती. प्रत्येक जण उठतो, आमचा धर्म शांतीच शिकवतो म्हणतो, ग्रंथातली दोन वचनं म्हणतो, टाळ्या, पुढचा. खोटं कुणीच बोलत नाही, पण कुणी कुणाला भेटतही नाही. त्यापेक्षा ‘माझ्या श्रद्धेतली मला रोज लागणारी एक गोष्ट’ असा विषय मागा, किंवा ‘माझी श्रद्धा डळमळली तेव्हा’. आयोजक नाही म्हणाले तरी हरकत नाही, विषय तोच ठेवून तुम्ही हेच बोला, कोण अडवणार आहे.

अशा एका मेळाव्यात मी बसले होते तेव्हाची गोष्ट सांगते. साधारण सत्तरीचे एक काका बोलायला उठले, हातात लिहून आणलेला कागद होता. पहिली दोन वाक्यं वाचली आणि थांबले. मग त्यांनी तो कागद दुमडला, परत दुमडला, आणखी दोनदा दुमडला, अगदी एवढासा केला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. आणि म्हणाले, माझा मुलगा अपघातात गेला, त्यानंतर आठ महिने मला प्रार्थना करता आली नाही, मी रोज प्रार्थनेच्या जागी जायचो आणि नुसता बसून यायचो, शब्दच यायचे नाहीत, आणि तिथे एक म्हातारे गृहस्थ रोज माझ्या शेजारी येऊन बसायचे, एक शब्द न बोलता, आठ महिने. बस, एवढंच बोलून ते खाली बसले. टाळ्या झाल्या नाहीत, कुणाचे हातच उठले नाहीत. मग मागच्या रांगेतून अगदी वेगळ्या धर्माच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, माझं पण असं झालं होतं, फक्त माझ्या शेजारी बसायला कुणी नव्हतं. त्या दिवशी बाकी कोण काय बोललं ते मला आज एक अक्षर आठवत नाही.

तर विद्वान नाही म्हणून टेन्शन घेऊ नका. ग्रंथ पूर्ण वाचलेला नसणं ही काही गुन्हा केल्यासारखी लपवायची गोष्ट नाही, हॉलमधल्या बहुतेकांनी आपापला ग्रंथ पूर्ण वाचलेला नसतोच. तुम्ही रोज प्रार्थना करता म्हणालात ना, मग त्याच्याबद्दलच बोला. कधी करता, कुणी शिकवली, त्यातला कुठला शब्द म्हणताना मन लागतं आणि कुठला नुसता तोंडाने जातो, कधी कंटाळा येतो का, आला तर काय करता. हे तुमच्याशिवाय जगात दुसरं कुणी सांगू शकत नाही. भाषण लिहून झालं की पेन्सिल घ्या आणि ‘आमच्या धर्मात असं असतं’ अशी जितकी वाक्यं असतील तितकी ‘मी असं करते’, ‘माझ्या आईने मला असं शिकवलं’ अशी करून बघा. जे वाक्य असं बदलता येत नाही ते बहुतेक तुमचं नसतंच, कुठूनतरी ऐकलेलं असतं, ते खुशाल काढून टाका.

याचा आणखी एक फायदा आहे. तुमच्याच धर्माचे पण जरा वेगळ्या पद्धतीने चालणारे कुणीतरी समोर बसलेले असणारच, आणि तुम्ही ‘आम्ही सगळे’ म्हणालात की पहिली भुवई त्यांचीच वर जाते. आपण समजतो भांडणं दोन धर्मांत असतात, पण घरातली भांडणं काही कमी नसतात. अकबराने १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीला इबादतखाना बांधला, धर्मचर्चेसाठीच, तेव्हा सुरुवातीला तिथे फक्त मुस्लिम विद्वानच यायचे आणि तरीही कुणी कुठे बसायचं यावरून वाद झाले. हिंदू, जैन, पारशी, ख्रिस्ती मंडळी नंतर आली. ती चर्चा पुढे कडवट झाली त्याचं कारण मला तरी एकच दिसतं, बादशहासमोर प्रत्येकाला जिंकायचं होतं. तुमच्या मेळाव्यात बादशहा नाहीये, कुणी निकाल देणार नाहीये, मग जिंकायचं कुणासमोर?

आता अवघड प्रश्न. येतील, नाही असं नाही. तुमच्या धर्मात बायकांना अमुक का चालत नाही, तुमच्या धर्माच्या नावाने तिकडे मारामाऱ्या झाल्या त्याचं काय. दोन उत्तरं जवळ ठेवा. एक, ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’, आणि मग खरंच विचारून सांगा, त्याने जितका विश्वास बसतो तितका हुशार उत्तराने बसत नाही. दुसरं, ‘हो, ते झालं, आणि मलाही त्याचा त्रास होतो’. धर्माच्या नावाने झालेल्या वाईट गोष्टीची लाज वाटली म्हणजे धर्म सोडला असं होत नाही हो ताई, उलट ज्याला आपलं घर प्रिय असतं त्यालाच घरातली घाण खुपते.

आणि प्रश्न विचारायची वेळ तुमची आली की एक नियम लक्षात ठेवा. क्रिस्टर स्टेंडाल म्हणून एक स्वीडिश बिशप होते, १९८५ मध्ये स्टॉकहोमला मॉर्मन म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका पंथाच्या लोकांचं मंदिर व्हायचं होतं आणि त्याला विरोध सुरू होता, तेव्हा त्यांनी तीन साध्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्याला विचारा, त्याच्या शत्रूला नको. आपल्यातलं उत्तम आणि त्यांच्यातलं वाईट अशी तुलना करू नका. आणि तिसरी मला सगळ्यात आवडते, त्यांच्याकडची एखादी गोष्ट बघून ‘हे आमच्याकडे असतं तर’ असा हेवा वाटायला मनात जागा ठेवा, पवित्र हेवा म्हणायचे ते त्याला. त्या काकांची गोष्ट ऐकून मला असा हेवा वाटला होता, माझ्याकडे असं मुकाट्याने शेजारी येऊन बसणारं कोण आहे हा विचार करत मी घरी गेले. दुसरी गोष्ट मात्र आपण सगळेच रोज मोडतो. आपल्या धर्माचं म्हटलं की आपल्याला संत आठवतात आणि दुसऱ्याच्या धर्माचं म्हटलं की बातम्या आठवतात.

आता मागच्या वर्षीच्या त्या पाहुण्यांच्या वाक्याबद्दल. हे मी मुद्दाम नीट लिहिणार आहे कारण तुमच्या पत्रात तेच सगळ्यात जास्त दुखतंय.

तुम्ही त्यांच्यासोबत हसलात याबद्दल स्वतःला दोष देणं आधी बंद करा. भरल्या हॉलमध्ये एकटं पडल्यावर माणूस हसतो, तो काही होकार नसतो. पण यंदा तेच परत होऊ द्यायचं नाही, आणि ती जबाबदारी एकट्या तुमची नाही. आयोजकांना कार्यक्रमाआधी भेटा, फोनवर नको, समोरासमोर, आणि सांगा की मागच्या वर्षी हे वाक्य बोललं गेलं, मला लागलं, यंदा सूत्रसंचालन करणाऱ्याने सुरुवातीलाच दोन ओळी बोलाव्यात की इथे प्रत्येक जण आपल्याबद्दल बोलेल, दुसऱ्याच्या धर्मावर शेरा मारणार नाही. यात नवीन काही नाही. सम्राट अशोकाने इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात हेच दगडावर कोरून ठेवलंय, गिरनारला त्याचा बारावा शिलालेख आहे. त्यात तो म्हणतो की कारण नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, बोलण्यावर ताबा ठेवावा, आणि जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याला खाली पाडतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. ‘समवायो एव साधु’ असे शब्द आहेत त्यात, म्हणजे मिळून मिसळून असणं हेच चांगलं, आणि ते कशासाठी तर एकमेकांचा धर्म ऐकता यावा म्हणून. ऐकता यावा! सगळ्यांनी एकच धर्म मानावा असं तो म्हणत नाहीये.

आणि तरीही कुणी बोललंच तर? भाषण देऊ नका, त्या क्षणी ते जमतही नाही. एकच वाक्य पाठ करून ठेवा: ‘हे ऐकून मला वाईट वाटलं, मी असं जगत नाही.’ आवाज थरथरला तरी चालेल. दुसरं म्हणजे त्या पाहुण्यांच्याच धर्मातली एखादी ओळखीची व्यक्ती तिथे येणार असेल तर तिच्याशी आधीच बोलून ठेवा, कारण माझा अनुभव असा आहे की अशा वेळी दुखावलेल्या माणसाने सांगण्यापेक्षा बोलणाऱ्याच्या घरच्या माणसाने ‘अहो, हे बरोबर नाही’ म्हटलं की ते लगेच आत जातं. आणि तुमच्या धर्माचं कुणी दुसऱ्याबद्दल असं बोललं तर ते काम तुमचं, हे पण धरून चाला.

दुसऱ्याला लागेल असं मी स्वतःही बोललेली आहे म्हणून सांगते. अशाच एका कार्यक्रमानंतर खुर्च्या आवरताना दुसऱ्या धर्माच्या एका मैत्रिणीला मी सहज विचारलं, तुमच्यात बायकांना हे असलं चालतं का गं? तिने दोन्ही हातांत एक एक खुर्ची धरली होती, ती तशीच उभी राहिली. खुर्च्या खाली ठेवल्या नाहीत की पुढे गेली नाही. म्हणाली, मी तुला असं कधी विचारलंय का? मला माफी मागायला तीन आठवडे लागले. माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, मला सगळे हेच विचारतात, रात्री झोप लागत नाही तेव्हा मी कुणाचं नाव घेते हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नाही. त्यानंतर मी दुसऱ्या धर्माच्या माणसाला पहिला प्रश्न ‘तुमच्यात असं चालतं का’ असा विचारत नाही.

त्या पाहुण्यांनी ते वाक्य मुद्दाम टाकलं की माझ्यासारखं न कळून, ते आपल्याला माहीत नाही. ते यंदा येणार असतील तर त्यांना बाजूला घेऊन सांगा, चार लोकांत नको. ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर सोडून द्या, पण सांगितल्याशिवाय सोडू नका, नाहीतर पुढच्या वर्षी पण हेच पत्र लिहाल मला.

आता भाऊ. ताई, तुमचा भाऊ अडाणी किंवा कट्टर नाहीये हे मला त्याच्या प्रश्नावरूनच कळलं. त्याचा प्रश्न फार जुना आणि खरा आहे. १८९३ मध्ये शिकागोला सर्वधर्म परिषद भरली तेव्हा कँटरबरीच्या आर्चबिशपांनी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सगळ्यात मोठ्या धर्मगुरूंनी, याच कारणासाठी जायला नकार दिला होता, आमचा धर्म एकच खरा असं मी मानतो, मग सगळ्यांना बरोबरीने बसवणाऱ्या सभेत कसा बसू, असा त्यांचा सवाल होता. तुमचा भाऊ आर्चबिशपांचाच मुद्दा मांडतोय. आणि त्याचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. सगळे धर्म सारखे नाहीत. कुणी एकच देव मानतं, कुणी अनेक रूपं मानतं, बौद्ध आणि जैन धर्मांत तर जग निर्माण करणारा देवच नाही. मेल्यावर काय होतं याची उत्तरं वेगळी आहेत. ‘शेवटी सगळे एकच’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मला ते मनापासून आवडत नाही, कारण ते म्हटलं की बोलणंच संपतं, सगळं सारखंच असेल तर तुमचं मी ऐकू कशाला?

त्याचा चुकतोय तो दुसरा अर्धा, की जाणं म्हणजे कबूल करणं. त्याच शिकागोच्या परिषदेत स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबरला केलेलं भाषण आपल्याला शाळेपासून माहीत असतं, भगिनींनो आणि बंधूंनो वालं. पण २७ सप्टेंबरला परिषद संपताना ते जे बोलले ते भावाला सांगा. ख्रिश्चनाने हिंदू किंवा बौद्ध व्हायचं नाहीये, हिंदूने किंवा बौद्धाने ख्रिश्चन व्हायचं नाहीये, प्रत्येकाने दुसऱ्यातलं सत्त्व घ्यायचं आणि आपलं वेगळेपण जपायचं, अशा अर्थाचं ते बोलले होते. जैनांकडून वीरचंद गांधी गेले होते, बौद्धांकडून अनागारिक धर्मपाल, यातला कुणी आपला धर्म दारात काढून ठेवून आत गेला नव्हता. ज्याचं आपल्या धर्मावर प्रेमच नाही त्याने अशा मेळाव्यात जाऊन सांगायचं तरी काय? तुम्हाला तुमचा धर्म खरा वाटतो ना, मग तसं तिथे म्हणा, ‘माझ्यासाठी हा मार्ग खरा आहे आणि तुमचा मला समजून घ्यायचाय’. या वाक्यात खोटं काही नाही आणि अपमान कुणाचा नाही.

शेवटच्या प्रार्थनेचं थोडक्यात. मन मानत नसेल तर तोंड हलवू नका. उभं राहायचं, शांत राहायचं, तेवढा आदर पुरे. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मगुरूंना इटलीत असिसीला बोलावलं होतं तेव्हा हाच पेच होता, आणि त्यांनी मार्ग असा काढला की प्रार्थनेसाठी सगळ्यांनी एकत्र यायचं, पण एकच प्रार्थना सगळ्यांनी म्हणायची नाही. ज्याने त्याने आपली करायची, बाकीच्यांनी गप्प राहून सोबत करायची. आयोजकांना हे सुचवून बघा, मला खात्री आहे तुमच्यासारखे निम्मे लोक तिथे अवघडूनच ओठ हलवत असतात. दोन मिनिटं शांत बसणं ठेवलं तरी होतं, त्यात ज्याचा देवावर विश्वास नाही त्यालाही जागा मिळते.

आणि जमलं तर मेळाव्यानंतर पाचसहा जणांचा छोटा ग्रुप करा. ज्यू, ख्रिश्चन आणि मुस्लिम अभ्यासकांनी १९९० च्या दशकात एक पद्धत सुरू केली, एक विषय घ्यायचा, समजा पाहुणचार, प्रत्येकाने आपल्या ग्रंथातला छोटासा उतारा आणायचा आणि सगळ्यांनी मिळून तो वाचायचा. सगळ्यांचं एकमत व्हायला हवं अशी अटच नाही. तुम्ही म्हणता ना ग्रंथ पूर्ण वाचला नाही, तर असा वाचून होतो बघा, दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नामुळे आपलीच ओळ आपण नव्याने वाचतो. माईकवर दहा मिनिटांत जे होत नाही ते पाच माणसांत तासाभरात होतं.

राहिलं तुमचं भाषण. लिहून झालं की सगळ्यात आधी भावाला वाचून दाखवा. त्याला पटवायला नाही, नुसतं वाचून दाखवायचं, आणि त्याला सांगायचं की जिथे तुला वाटेल ताई हे खरं बोलत नाहीये, नुसतं गोड बोलतेय, तिथे मला थांबव. जिथे जिथे तो थांबवेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेवढ्या जागा परत लिहा. आणि मेळाव्याच्या दिवशी पहिल्या रांगेत त्याच्यासाठी एक खुर्ची धरून ठेवा, येतो म्हणाला नसला तरी.